आठवा सर्व्हर

नऊ वर्षं आधी : २००३

न्यूयॉर्कसमोर, हडसन नदीच्या पलीकडे जर्सी सिटी आहे. तिथल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने २००३ साली आपल्या सॉफ्टवेअरमधली ‘पॉवर पेग’ नावाची सोय वापरणं थांबवलं. फक्त वापर थांबला, कोड काढला नाही. तो सर्व्हरवर तसाच पडून राहिला, आणि कुणी हाक मारली तर उठून कामाला लागेल अशा अवस्थेत राहिला.

सर्व्हरवर काम करणाऱ्या कुणालाही ही सवय ओळखीची वाटेल. चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? जुनं फंक्शन काढायला जावं आणि भलतंच काही मोडावं, त्यापेक्षा राहू दे तिथेच. मीही असा कोड ठेवलेला आहे, वर ‘आता वापरात नाही’ अशी एक ओळ लिहून. ती ओळ माणसांसाठी असते. मशीनच्या लेखी वापरात असलेला आणि नसलेला असा भेद नसतो. जे बोलावलं जाईल ते चालेल.

हा कोड ज्या यंत्रणेत होता तिचं नाव स्मार्स. ग्राहकाची मोठी ऑर्डर आत यायची, स्मार्स तिचे छोटे तुकडे करून वेगवेगळ्या बाजारांत पाठवायची. मोठी ऑर्डर ती आई, तुकडे ती पोरं. त्या धंद्यात खरोखरच असं म्हणतात. २०११-१२ मध्ये नाइटमार्फत होणारे सौदे अमेरिकेतल्या नोंदणीकृत शेअर्सच्या एकूण उलाढालीच्या साधारण दहा टक्के होते. बाजाराची रोजची धमनीच म्हणायची.

सात वर्षं आधी : २००५

आईच्या ऑर्डरीतले किती शेअर्स झाले, हे मोजणारा एक तुकडा कोडमध्ये होता. एक हजार मागितले, एक हजार झाले, थांबा. २००५ मध्ये हा मोजणीचा भाग स्मार्सच्या कोडमध्ये आधीच्या टप्प्यावर हलवला गेला. बदल सरळ होता. पण त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कुणी तपासलं नाही. वापरातच नसलेल्या गोष्टीची चाचणी कोण घेतो?

रांजण भरला की नाही हे बघणारा माणूस जागेवरून उठून गेला, आणि पाणी ओतणाऱ्याला ते कुणी सांगितलं नाही. ओतणारा झोपलेला होता, म्हणून सात वर्षं काही बिघडलं नाही.

चार आठवडे आधी : जुलै २०१२

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजला छोट्या गुंतवणूकदारांच्या ऑर्डरींसाठी ‘रिटेल लिक्विडिटी प्रोग्रॅम’ नावाची नवी व्यवस्था सुरू करायची होती. एसईसीने, म्हणजे आपल्या सेबीसारख्या तिथल्या नियामक संस्थेने, जुलैच्या सुरुवातीला परवानगी दिली. सुरुवातीची तारीख ठरली १ ऑगस्ट. त्या दिवशी बाजार उघडताच आपले ग्राहक त्यात असले पाहिजेत, म्हणून नाइटच्या प्रोग्रॅमरांनी स्मार्ससाठी नवा कोड लिहिला. तो बरोबर लिहिला होता. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

नवा कोड पॉवर पेगच्या जागी बसणार होता. जुना कोड अखेर जाणार होता. फक्त तो चालू करणारा जो फ्लॅग होता, ऑर्डरीतली ती हो-नाहीची एक खूण, ती नव्या कामासाठी परत वापरायचं ठरलं. भिंतीवरचं बटण तेच. मागची वायर बदलून जुन्या मोटरऐवजी पंख्याला जोडायची. सगळ्या खोल्यांत वायर बदलली तर काहीच अडचण नाही. एक खोली राहिली, तर तिथे तेच बटण दाबल्यावर मोटर सुरू होणार.

स्मार्सचे सर्व्हर आठ होते.

पाच दिवस आधी : शुक्रवार, २७ जुलै

नवा कोड एकदम न टाकता टप्प्याटप्प्याने, रोज थोड्या सर्व्हरवर, टाकायला २७ जुलैपासून सुरुवात झाली. ही पद्धत सावधपणाची आहे आणि आजही शहाणे लोक तीच वापरतात. पण काम एका माणसाच्या हाती होतं. त्या तंत्रज्ञाने कोड सर्व्हरवर कॉपी केला, सात ठिकाणी. आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कुणी येऊन आठही सर्व्हर ताडून पाहावेत असा लेखी नियम कंपनीत नव्हता, आणि कुणी पाहिलेही नाहीत.

इथे थोडं थांबतो, कारण ही चूक मला फार जवळून माहीत आहे.

मी नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. आमची वेबसाइट दोन सर्व्हरवर चालायची. समोर लोड बॅलन्सर, येणारी विनंती कधी याला, कधी त्याला. एका दुपारी मी दरपत्रकातला बदल लाइव्ह केला, पान उघडून पाहिलं, नवे दर दिसले, चहाला गेलो. परत येतो तर ग्राहकाचा फोन : “अहो, जुनाच दर दिसतोय की.” मी रिफ्रेश केलं. नवा. म्हटलं, तुमच्या ब्राउझरची कॅशे असेल, साफ करा. त्यांनी केली. “जुनाच.” मी पुन्हा रिफ्रेश केलं. नवा. पुन्हा केलं. जुना. पुन्हा. नवा. हाताला घाम फुटला. मग मी आपणच केलेला बदल ओळ न् ओळ वाचायला लागलो, कुठे चुकलं ते शोधायला. अर्धा तास वाचत होतो. शेजारी बसणाऱ्या सीनियर मॅडम एवढंच म्हणाल्या, “अरे, आधी बघ तरी, कुठला कोड चालतोय.”

दोन्ही सर्व्हरवर लॉगिन केलं. फाइलचा चेकसम काढला. दोन्हीकडे एकच आकडा, म्हणजे फाइल दोन्हीकडे नवीच होती. मग त्यांनी चालू प्रोसेसची यादी काढायला लावली. पहिल्या सर्व्हरवर प्रोसेस त्या दुपारी सुरू झालेली होती. दुसऱ्यावर सुरू झाल्याची तारीख होती अकरा दिवसांपूर्वीची. मी तिथे रीस्टार्ट मारायला विसरलो होतो. डिस्कवर नवा कोड, मेमरीत जुना, आणि अकरा दिवसांपूर्वीची ती प्रोसेस अगदी इमानाने अकरा दिवसांपूर्वीचे दर सांगत होती.

तेव्हापासून पाहतोय, जुना कोड लपायला किती जागा असतात. पीएचपीची ऑपकॅशे भाषांतर केलेला कोड मेमरीत धरून ठेवते, आणि फाइलची वेळ तपासणं बंद केलेलं असेल तर नवी फाइल टाकूनही ढुंकून बघत नाही. पायथनच्या वर्करने मॉड्यूल एकदा वाचलं की मरेपर्यंत तेच. जावाच्या सर्व्हरवर नवी वॉर फाइल ठेवली तरी आधीच्या उलगडलेल्या फोल्डरातून जुनाच क्लास चालू राहू शकतो. सिमलिंक नव्या फोल्डरकडे वळवली, पण चालू प्रोसेसने जुना रस्ता धरून ठेवला. पुढे सीडीएनची कॅशे, त्याच्या पुढे ब्राउझरची. आणि या सगळ्यांपेक्षा साधी, म्हणून सगळ्यात शेवटी सुचणारी शक्यता : फाइल तिथे पोचलीच नाही.

नाइटमध्ये हेच घडलं होतं. आठव्या सर्व्हरचा चेकसम उरलेल्या सातांशी ताडून पाहायला एका माणसाला एक मिनिट पुरलं असतं. शेवटच्या सर्व्हरचं काम उरकल्यापासून बुधवारी बाजार उघडेपर्यंत तेवढा वेळ नक्कीच होता.

८९ मिनिटं आधी : बुधवार, १ ऑगस्ट, सकाळी ८.०१

बाजार उघडण्याआधीच्या सत्रासाठी काही ऑर्डरी आल्या. नव्या योजनेत बसणाऱ्या, म्हणजे तो फ्लॅग लावलेल्या. नाइटच्या अंतर्गत यंत्रणेने ८ वाजून १ मिनिटापासून आपोआप ईमेल पाठवायला सुरुवात केली. ईमेलमध्ये स्मार्सचा उल्लेख होता, आणि त्रुटीचं वर्णन म्हणून शब्द होते : ‘पॉवर पेग डिसेबल्ड’.

नऊ वर्षांपूर्वी बंद केलेल्या गोष्टीचं नाव त्या सकाळी लोकांच्या इनबॉक्समध्ये येत होतं. एकदा नव्हे, साडेनऊपर्यंत ९७ वेळा. कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ते जात होते. पण धोक्याची सूचना म्हणून ते ईमेल बनवलेलेच नव्हते, आणि असे ईमेल आले की लगेच बघायचे अशी पद्धतही नव्हती. कुणी काही केलं नाही.

या ९७ ईमेलांवर मी खूप विचार केला आहे. त्या लोकांना मी आळशी म्हणणार नाही. ज्याच्या इनबॉक्समध्ये मशीन दिवसाला शेकडो निरोप टाकतं, त्याचे डोळे ते निरोप वगळायला शिकतात. नाहीतर काम करणं अशक्य होतं. पण एखाद्याने एकच ईमेल उघडून विचारलं असतं, “पॉवर पेग? हे अजून आहे कुठे?”, तर उत्तर शोधायला त्याच्या हातात तासाभराहून जास्त वेळ होता. आणि त्या प्रश्नाचं उत्तर एकाच सर्व्हरवर सापडलं असतं.

शून्य : सकाळी ९.३०

न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजची घंटा वाजली. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. त्याच संध्याकाळी, अर्ध्या-पाऊण तासाने, पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर एकामागून एक स्फोट झाले. आमच्या ओळखीतला प्रत्येक माणूस फोनवर घरच्यांना शोधत होता. अमेरिकेतल्या कुठल्या दलाली कंपनीच्या सर्व्हरचं काय झालं, हे पुण्याच्या आयटीतल्या माणसांना कळलं ते नंतरच.

फ्लॅग लावलेल्या ऑर्डरी स्मार्सच्या आठ सर्व्हरवर वाटल्या जाऊ लागल्या. सात सर्व्हरनी त्या नव्या पद्धतीने, बरोबर हाताळल्या. आठव्याने बटण दाबलेलं पाहिलं आणि मोटर सुरू केली. पॉवर पेग जागा झाला. तो आईच्या ऑर्डरीसाठी पोरं पाठवू लागला, एक, दोन, शंभर, हजार. किती झाले हे सांगणारा मोजणीचा तुकडा त्याच्या वाटेवर आता नव्हता. ऑर्डर पुरी झाली तरी त्याला पुरी झाल्याचं कळत नव्हतं. तो पाठवतच राहिला.

घंटेनंतरची पहिली मिनिटं

बाजारात काहीतरी विपरीत चाललंय हे लगेच दिसू लागलं. ज्या शेअर्समध्ये एरवी दिवसभरात मोजके सौदे होतात, तिथे सौद्यांचा पाऊस पडू लागला. विझर्ड सॉफ्टवेअर नावाच्या छोट्या कंपनीचा शेअर साडेतीन डॉलरच्या आसपास होता. तो चौदा डॉलरच्या वर गेला. त्या कंपनीत त्या सकाळी काहीही घडलेलं नव्हतं.

नाइटच्या आत हे सौदे ‘३३ अकाउंट’ नावाच्या खात्यात साचत होते. कुठलाच मेळ न लागलेले व्यवहार तात्पुरते ठेवण्याचं ते खातं. त्याला २० लाख डॉलरची मर्यादा ठरवलेली होती. पण ती कागदावर. मर्यादा ओलांडली की ऑर्डरी थांबवील अशा कुठल्याही यंत्रणेला ती जोडलेली नव्हती. पडद्यावर आकडे दाखवणारं साधन होतं, पण तो पडदा बघून घाबरायचं काम माणसावर सोडलेलं होतं. आणि त्या पडद्यावर मर्यादेचा आकडा दिसत नसे.

सगळं एका फटक्यात बंद करायचं बटण नव्हतं. अशा वेळी कोणी काय करायचं याची लिहून ठेवलेली कार्यपद्धती नव्हती. बाजार चालू असताना, पैसे जात असताना, लोक लाइव्ह सर्व्हरवरच कारण शोधायला बसले.

मधली मिनिटं : रोलबॅक

मला या घटनेतला सगळ्यात जास्त छळणारा क्षण हा आहे.

विचार करा, तुम्ही त्या खोलीत आहात. काल सगळं ठीक होतं, आज नाही. काल आणि आज यांत फरक काय? नवा कोड. मग दोष कुणाचा? मी त्या जागी असतो तर माझ्याही तोंडातून तेच निघालं असतं : काढा तो नवा कोड. माझ्या दरपत्रकाच्या दुपारी मी तरी दुसरं काय करत होतो? जो सर्व्हर बरोबर चालत होता त्याचा कोड वाचून त्यात चूक शोधत होतो.

त्यांनी नवा कोड काढला. सात सर्व्हरवरून, जिथे तो नीट बसलेला होता तिथून.

आता आठही सर्व्हरवर जुना कोड. आठही ठिकाणी पॉवर पेग. आणि बाहेरून येणाऱ्या ऑर्डरींवर फ्लॅग तसाच लागून येत होता, कारण तो पाठवणाऱ्यांना आत काय चाललंय याची काय कल्पना? एका मोटरीच्या जागी आठ मोटरी सुरू झाल्या.

रोलबॅक हा आमच्या कामातला देवासारखा शब्द आहे. काही बिघडलं की मागे जा, मागे सुरक्षित आहे. पण मागे जाताना ‘मागे’ म्हणजे नेमकं काय चालणार आहे हे माहीत असावं लागतं. नाइटला मागे नेणारा रस्ता २००३ पर्यंत जात होता. “कुठला कोड चालतोय” हा प्रश्न आठ सर्व्हरना एकेक करून विचारला असता, तर सात उत्तरं एकसारखी आली असती आणि एक वेगळं. तेवढा एक सर्व्हर बंद करायचा होता.

सकाळी १०.१५

सुमारे ४५ मिनिटांनंतर ऑर्डरी थांबल्या.

फ्लॅग लावून आलेल्या मूळ ऑर्डरी होत्या फक्त २१२. त्यांच्यासाठी स्मार्सने लाखो तुकडे बाजारात पाठवले आणि ४० लाख सौदे पुरे झाले. १५४ कंपन्यांचे ३९ कोटी ७० लाखांहून जास्त शेअर्स. सेकंदाला सुमारे दीड हजार सौदे पडतात. नाइटच्या गळ्यात ८० शेअर्समध्ये साधारण ३५० कोटी डॉलरची न मागितलेली खरेदी आणि ७४ शेअर्समध्ये ३१५ कोटी डॉलरची न मागितलेली विक्री पडली. ज्या खात्याची मर्यादा २० लाख डॉलर, त्यात तिच्या तीन हजार पटींहून जास्त. त्या १५४ पैकी ३७ शेअर्सचे भाव दहा टक्क्यांहून जास्त हलले, आणि त्या शेअर्समधल्या उलाढालीचा निम्म्याहून मोठा भाग एकट्या नाइटचा होता.

त्याच दिवशी, पुढे

मुख्य कार्यकारी अधिकारी थॉमस जॉइस गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून सावरत होते. कंपनीने सौदे रद्द व्हावेत म्हणून प्रयत्न केले. पण मे २०१० मध्ये बाजार काही मिनिटांत कोसळला होता, त्या ‘फ्लॅश क्रॅश’नंतर सौदे कधी रद्द करायचे याचे नियम ठरले होते, आणि त्यांत बसले ते फक्त सहा शेअर्समधले काही सौदे. बाकी सगळं नाइटचंच राहिलं. न मागितलेल्या शेअर्सचा मोठा साठा गोल्डमन सॅक्सने बाजारभावापेक्षा कमी किमतीत उचलला.

दुसऱ्या दिवशी कंपनीने ४४ कोटी डॉलरच्या तोट्याचा आकडा जाहीर केला. पुढे तो ४६ कोटींच्या वर गेला. मिनिटाला एक कोटी डॉलर. नाइटचा स्वतःचा शेअर मंगळवारी १०.३३ डॉलरवर बंद झाला होता. बुधवारी ६.९४. गुरुवारी २.५८. सोमवारी, ६ ऑगस्टला, गुंतवणूकदारांच्या एका गटाने ४० कोटी डॉलर घालून कंपनी उभी ठेवली. पण पूर्वीची बहुतेक मालकी गेली होती. १ जुलै २०१३ ला नाइट ही गेटको या कंपनीशी एकत्र झाली.

चौदा महिने नंतर : १६ ऑक्टोबर २०१३

एसईसीने नाइटला १ कोटी २० लाख डॉलरचा दंड केला. बाजारात थेट ऑर्डरी पाठवणाऱ्यांनी आधी लगाम बसवलेला असलाच पाहिजे, असा नियम २०१० मध्ये झाला होता. त्याखाली झालेली ही पहिली कारवाई. आदेशात सगळं तपशिलाने आहे : २००३, २००५, फ्लॅग, सात सर्व्हर आणि आठवा, ९७ ईमेल, आणि नवा कोड काढण्याचा तो निर्णय.

ज्याने सात सर्व्हरवर कोड नीट टाकला आणि आठव्यावर राहून गेला, त्या तंत्रज्ञाचं नाव आदेशात कुठेच नाही. ‘नाइटच्या तंत्रज्ञांपैकी एक’, एवढंच. मला ते वाचून बरं वाटलं. दोष आहे तो दुसरी जोडी डोळे नसण्याचा, असं आदेशात स्पष्ट लिहिलं आहे : दुसऱ्या तंत्रज्ञाने तपासणी केली नाही, आणि त्याने ती करावी असं कंपनीत कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या माणसाच्या शेजारी त्या आठवड्यात कुणी बसलेलं असतं आणि सहज म्हणालं असतं, “अरे, आधी बघ तरी, कुठला कोड चालतोय”, तर त्याने आठव्यावर लॉगिन करून पाहिलं असतं.